दोन भाषांची साक्ष

अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या वार्ताहर आयडा सीगल यांनी २०१५ साली ‘एम्मा इज ऑन द एअर’ ही छोट्या वाचकांसाठी रहस्यकथांची माला सुरू केली. नायिका एम्मा पेरेस ही न्यूयॉर्कची शाळकरी पोर; इंग्रजीच्या जोडीला स्पॅनिशही बोलणारी. पहिल्याच पुस्तकात शाळेतल्या हॅम्बर्गरमध्ये अळी निघते आणि बाईसाहेब बातमीच्या मागे लागतात. तिला प्रसिद्धीची भारी हौस. असू द्या, ती कोणाला नसते?

मला प्रश्न पडतो तो निराळाच. दोन भाषा येणाऱ्या वार्ताहरावर पहारा कोणाचा? साक्षीदार एका भाषेत बोलला, बातमी दुसरीत गेली; मध्ये काय गळले हे तिलाच ठाऊक. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला. ज्याला दोन्ही येत, त्याने ताडून पाहावे! बोलणाऱ्या पोरीपाशी असा दुसरा स्तंभ नसतो.

सोलापुरात माझ्या वर्गात एक तेलुगू घरची मुलगी होती. आठवडाभर आली नाही, म्हणून आईला बोलावले. आई तेलुगूत पुष्कळ बोलली. त्यात ‘बिडी’ हा शब्द तीनदा तरी माझ्या कानांवर आला. मुलीने मराठीत एवढेच सांगितले, “मला बरं नव्हतं, बाई.”

ही लबाडी म्हणावी का? वार्ताहराने असे केले तर मी क्षमा करणार नाही. अळी ज्या ताटात निघाली, त्या ताटाची बातमी सर्वांची आहे. पण घरात रात्री किती बिड्या वळल्या जातात, ही बातमी कोणाची? ‘मी सांगणार नाही’ एवढे म्हणणे खरेपणाला पुरले असते, हे कबूल. पण शिक्षकापुढे गप्प राहण्याची मुभा आपण मुलांना देतो कुठे? तिच्यापाशी दोन भाषा होत्या, पण दोन्हींत नकाराला जागा नव्हती.

पुढल्या खेपेला आई आली तेव्हा मी ‘बागुन्नारा?’ एवढे शिकून ठेवले होते. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, “मला मराठी येतंय की थोडं, बाई.”

मुलगी खिडकीबाहेर पाहत होती.