परड्यातली भाजी आणि पापाचा हिशेब

“घरी भाजी लावायची म्हणजे माती उकरायची, आणि मातीत काय थोडे जीव असतात? त्यापेक्षा बाजारातून आणलेली बरी. आपल्या हातून तरी काही होत नाही.” बस्तीत चातुर्मासात बायका जमल्या की हे वाक्य कोणीतरी बोलतेच. बोलणारी भाबडी नसते, तिची भीती खरी असते. म्हणून तिला उत्तरही नीट द्यायला हवे.

आपल्याकडे कर्म फक्त हातावर मोजत नाहीत. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्ही धरतात. बाजारातला डागाशिवायचा पांढराशुभ्र फ्लॉवर आपण निवडून घेतो, तेव्हा त्यावर किती वेळा औषध मारले हे विचारतो का? तो फवारा मारायला लावणारी आपली निवडच की! आमच्या बेळगाव-कोल्हापूर भागातली कितीतरी जैन घरे पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात. त्यांना कुणी कमी धर्माचे म्हणत नाही. आदिनाथांनी शिकवलेल्या सहा कर्मांत कृषी आहेच. गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही. टाळायची ती संकल्पी, ठरवून केलेली.

पण इथेच दुसरी गडबड होते. सेंद्रिय म्हणजे अहिंसक, असे आपण धरून चालतो. तसे नाही हो. कडुनिंबाच्या तेलाने अळीचे खाणे थांबते, कात टाकणे अडते आणि ती हळूहळू मरते. पिवळ्या चिकट पट्ट्या मिळतात, त्यांना चिकटलेली माशी तडफडत राहते. विषारी रसायन नाही एवढ्यावर तिला ‘निसर्गाची पद्धत’ म्हणायचे? मला ते पटत नाही. ताटात विष नको हा आपला स्वार्थ झाला. तो चांगला आहे, पण त्याला दयेचे नाव देऊ नये.

मग करायचे काय? आधी आवरायचे, मारायची वेळच येऊ द्यायची नाही. जुनी बादली किंवा सिमेंटचे पोते घ्यावे, तळाला भोके पाडावीत. खाली नारळाच्या शेंड्या आणि वाळला पाला, वर माती आणि चांगले कुजलेले शेणखत. पैसे फारसे लागतच नाहीत. मेथी डब्यातलीच पेरावी, तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत खुडता येते. धने हलके रगडून दोन फाके करावेत, रात्रभर भिजवून मग पेरावेत. कोवळ्या रोपांवर पहिल्या दिवसापासून जुनी मच्छरदाणी ताणली की फुलपाखरू अंडी घालायला पोचत नाही, म्हणजे पुढे अळी मारायचा प्रश्न उरत नाही. काकडीला फूल आले की मात्र जाळी काढावी लागते. मधमाशी आल्याशिवाय फळ धरत नाही. माव्यासाठी रोज पानाची खालची बाजू बघावी, एखाद्या पानावर दिसला की ते पान तोडून लांब गवतात ठेवावे. खतासाठी ओला कचरा साठवला की किडे वळवळतात. नुसता वाळका पाला दमट ठेवला तर खत व्हायला कित्येक महिने जातात, पण अळ्या फारशा होत नाहीत. घाई कुणाला आहे?

एवढे करूनही कढीपत्त्यावर सुरवंट येतोच. एका लहान झाडाची पाने तो चार दिवसांत फस्त करतो. झाडाला पुन्हा पालवी फुटते, त्यामुळे त्याला मी हात लावत नाही. आमटीत आठ-पंधरा दिवस कढीपत्ता नसला तर घरात कुणी उपाशी राहात नाही.

कांदा, बटाटा, गाजर आपण लावत नाही, हे सांगायला नकोच. मुळ्याच्या शेंगांवरून, म्हणजे डिंगऱ्यांवरून, मात्र आमच्यात दोन तट आहेत. डिंगऱ्या जमिनीच्या वर येतात, तोडल्या तरी मूळ जागेवरच राहते. म्हणून मी लावते. ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी शेजारच्या पोत्यात गवार आहे, ती खुशाल न्यावी.