ठरलेल्या कुस्तीतला विश्वासघात

मराठीत ‘नुरा कुस्ती’ हा शब्द दूषण म्हणूनच वापरला जातो. निकाल आधी ठरला, म्हणजे प्रेक्षक फसले. मग जिथे प्रत्येक निकाल ठरलेलाच असतो आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक असतं, त्या व्यावसायिक रेसलिंगमध्ये विश्वासघात संभवतो का?

९ नोव्हेंबर १९९७, माँट्रियल. विजेता ब्रेट हार्ट डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत निघाला होता. मायदेशात, कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरायला त्याने नकार दिला. गोंधळ माजवून लढत बाद ठरवायची, असं ठरलं. प्रत्यक्षात मायकल्सने हार्टचाच ‘शार्पशूटर’ डाव त्याच्यावर टाकला आणि मालक विन्स मॅकमहनने घंटा वाजवायला लावली. हार्टने हार मानलीच नव्हती.

मालकाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. विजेतेपद न गमावताच हार्ट प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर झळकला असता तर? पण धंद्यातली भीती म्हणजे शब्द मोडण्याचा परवाना नव्हे. रेसलर आपली मान आणि पाठ समोरच्याच्या हाती सोपवतो, ती केवळ दिल्या शब्दाच्या भरवशावर. अनुवादातही मजकूर दुसऱ्याचाच असतो. आपला म्हणून उरतो तो मूळ लेखकाशी राखलेला इमान.

पुढे याच घटनेतून ‘मिस्टर मॅकमहन’ हे खलपात्र घडलं, गाजलं. विश्वासघातही कथानक म्हणून विकला गेला. तरी त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. कथा रचणाऱ्याला पात्र हरवण्याचा हक्क आहे. ते पात्र अंगावर वागवणाऱ्या माणसाला फसवून हरवण्याचा नाही.