थंडी कोणाच्या वाट्याला?

उत्तरेचे वारे सुटले की धुळ्याचं नाव बातम्यांत येतं. तिथल्या कृषी महाविद्यालयात नोंदलेला पारा ६ अंशांपर्यंत उतरला की लोक नवल करतात, कारण हाच मुलूख मे महिन्यात ४५ अंशांना भाजत असतो. खरं तर दोन्हीचं मूळ एकच. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. ती अडवायला ना ढग, ना हवेतला ओलावा. जुनं धाब्याचं घर जाड मातीच्या भिंतींमुळे दोन्ही ऋतूंत माणसाला सांभाळून घ्यायचं. त्याच्या जागी आलेला पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि हिवाळ्यात गारठतो.

मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. एका घरात मात्र ती सगळ्यांवर सारखी येत नाही. पहाटे उठून बंब पेटवणारीची थंडी वेगळी आणि त्या पाण्यानं अंघोळ करून शाळेला निघालेल्या पोराची वेगळी.

शेतातही तेच. रावेर-यावलकडच्या केळीला गारठा सोसत नाही. पारा १० च्या खाली राहिला की पानांवर चरका पडतो, घड नीट निसवत नाही. मग बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि रात्री पाणी द्यायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. तिथं रात्रीचं जागरण पिकासाठी आहे, ते समजण्यासारखं आहे. पण गहू-हरभऱ्याला हीच थंडी मानवते. त्यांना मध्यरात्री पाणी भरण्याचं कारण एवढंच, की थ्री फेज वीज तेव्हा येते. कानटोपी घालून, चिखलात पाय रोवून उभा असलेला माणूस पिकासाठी नव्हे, वेळापत्रकासाठी कुडकुडतो. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली. माझ्या लेखी तिचा पहिला लाभ हा, की त्या माणसाला रात्री घरात गोधडीखाली झोपता येईल.

फळपीक विम्यात केळीच्या थंडीला मोजमाप आहे: सलग ३ दिवस ८ अंश किंवा त्याहून कमी. माणसाच्या थंडीला तसं काही नाही. ती मोजायची तर घरातच.

याच दिवसांत शेताशेतांत भरीत पार्ट्या रंगतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं, ती सोलणं, बडगीत कुटणं, ही कामं तिथं पुरुष हौसेनं करतात, पंगतीला आग्रहानं वाढतातही. जाळ कसा धरायचा हे त्यांना छान येतं. मग पहाटेचा बंब एकट्या आईनं किंवा सुनेनंच का पेटवावा? निदान डिसेंबर-जानेवारीत तरी ते काम घरातल्या तरण्या पोरानं घ्यावं. भरिताची चव त्यानं कमी होणार नाही.