काळ्या आईचे माहेर



वारीच्या वाटेवरची माती आपण कपाळी लावतो. संतांच्या पायांची धूळ म्हणून ती वंद्य, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण ही काळी आई आली कुठून, तिचे माहेर कोणते, हे फारसे कोणी विचारीत नाही. आज त्याचेच थोडे निरूपण आम्ही करणार आहोत. दृष्टान्त शोधायला दूर जायला नको; निफाड तालुक्यातले बाणगंगेकाठचे ओझर पुरेसे आहे.

ओझरच्या शिवारात विहीर खणायला घ्या. आधी माती लागेल, मग मुरूम, आणि खाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरून थिजलेला तप्त रस. ज्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी निवृत्तिनाथ महाराज समाधिस्थ आहेत, तो डोंगरही याच पाषाणाचा. तात्पर्य, ज्याच्यावर पहार आपटली तर ठिणगी उडावी असा हा दगड, तोच आपल्या मातीचे माहेर!

मग या दगडाची माती केली कोणी? तुम्ही म्हणाल, पावसाने. खरे आहे, पण अर्धेच. पाऊस येताना हवेतला कार्बनचा वायू थोडासा विरघळवून आणतो आणि किंचित आंबट होतो. एवढ्याने पाषाण लवकर विरघळत नाही. उघड्या दगडावर आधी दगडफूल बसते. त्याच्या आधाराने धूळ साठते, गवत उगवते. गवताची मुळे आणि मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव श्वास सोडतात, त्यामुळे मातीतल्या हवेत तो वायू वरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. तिथून झिरपलेले पाणी अधिक आंबट होऊन फटीत शिरते. मग दगडातले लोखंड गंजते, मुरूम तांबूस होतो. चुना सुटतो, काही मुळांना मिळतो, काही चुनखडीचे खडे होऊन मातीत राहतो, काही नदीबरोबर समुद्राला जातो आणि तिथल्या शिंपल्यांच्या कामी येतो. हवेतला वायू असा बांधला जातो, आणि युगांच्या हिशेबाने पृथ्वीची ऊब मर्यादेत राहते. मागे उरते ती चिकण काळी माती. गांडूळ ती खालवर करते, पालापाचोळा तिला कस देतो. एवढे होऊन इंचभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात.

आता सांगा, हे काम एकट्या कोणाचे? पाणी म्हणेल मी केले, तर मुळाशिवाय त्याचे बळ थोडे. मूळ म्हणेल मी केले, तर पाण्याशिवाय ते सुकले. आणि खडकाने आपला ताठा सोडलाच नसता, तर दोघेही काय करणार? काला असाच असतो बरं का. प्रत्येकाची शिदोरी वेगळी, पण एकत्र कालवल्यावर कोणाचे काय ते निवडता येत नाही.

ओझरकरांनी हा काला पाण्याच्या बाबतीत करून दाखविला. वाघाडचे धरण झाले, कालवा आला. पण ओझर पडले कालव्याच्या शेपटाला. वरच्यांचे भागून उरले तर खाली, अशी गत. तेव्हा समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले, आणि १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी मोजून घेतले. आणि मोठी गोष्ट अशी की, ते नुसते पाटाने न फिरवता नाल्यांवरच्या बंधाऱ्यांतही सोडले. मुरमाने ते पोटात घेतले आणि विहिरींना परत दिले. ज्याच्या विहिरीला पाझर वाढला, त्यानेही आपला वाटा दिला. पुढे वाघाडवर अशा २४ संस्था झाल्या आणि सगळ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांकडे आला. शेतकऱ्यांनी सिंचन चालवावे असा राज्याचा कायदाही २००५ साली झाला.

कोणी म्हणेल, "महाराज, शेत माझे, विहीर माझी, मी वाटेल तेवढे पाणी उपसीन. तुमचे काय जाते?" अहो, विहिरीचा खड्डा तुमचा, पण पाझर कोणाचा? मुरमातली फट बांध ओळखत नाही. घट्ट पाषाणात पाणी थोडेच मावते. तुम्ही बोअर खोल नेलीत की शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते, आणि उद्या त्याची बोअर तुमची पाळी आणते. तसेच पाचट जाळले, उतारावर बांध घातला नाही, तर पणजोबांच्याही आधीची माती एका वळवाच्या पावसात ओढ्याला जाते. ती पुन्हा करून द्यायला कोणा सावकाराची ऐपत नाही.

सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच देव ओळखला. मळा म्हणजे नुसती भाजी नव्हे. खडक, माती, पाणी आणि जीव यांचा तो संसार होता. आपणही त्या संसारातले एक आहोत, मालक नव्हे. म्हणून एकादशीला जसा उपवास धरता, तसा आणखी एक नेम धरावा: पाचट जाळायचे नाही, बांध फुटू द्यायचा नाही, आणि पाणी उपसताना शेपटाच्या शेतकऱ्याला विसरायचे नाही. कपाळी लावलेल्या मातीचा मान तेव्हाच राखला जाईल.

रामकृष्णहरि.