पोच मिळते, उत्तर मिळत नाही

जालना रोडने छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर पडलं की चिकलठाणा, पुढे शेंद्रा आणि विसेक किलोमीटरवर करमाड. या एकाच रस्त्यावर डिजिटल महाराष्ट्राची दोन दारं आहेत. पहिलं शेंद्र्याच्या ‘ऑरिक हॉल’चं. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधली शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांची ‘ऑरिक’ नगरी इथून चालवायची, अशी ती योजना. विजेच्या तारा आणि फायबर जमिनीखालून, पाणी-सांडपाण्यावर पडद्यावरून नजर, भूखंडाचा अर्ज ऑनलाइन. दुसरं दार करमाडच्या सेवा केंद्राचं. एक संगणक, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि बाहेर बाकड्यावर हातात कागदांची पिशवी धरून बसलेली माणसं.

मला या दुसऱ्या दाराबद्दल बोलायचं आहे. मराठवाड्याची वाढ होणार की नुसती वसाहत वाढणार, हे तिथे ठरेल.

कापूस वेचून झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. केंद्रातला मुलगा म्हणतो, “मावशी, बोट जरा केसांवर घासा.” तेलाचा हात लागला की कधी ठसा उमटतो, कधी नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मावशी यंत्राकडे न बघता त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघायला लागते, कारण झालं की नाही ते तिथेच आधी कळतं.

बदल झालाच नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघण्यात ज्यांचे दिवस गेले, त्यांना विचारा. तलाठी भेटला तर दप्तर नाही, दप्तर असलं तर शिक्का नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि १५ रुपयांत, घरबसल्या, रात्री अकरालाही हातात येऊ लागला. रोजगार बुडवून मारलेल्या खेपा वाचल्या, कुणापुढे हात जोडणं वाचलं. गरिबाच्या लेखी ही मोठी गोष्ट आहे.

पण तो सातबारा चुकीचा असेल तर? हाताने लिहिलेल्या नोंदी संगणकावर उतरवताना कुणाच्या नावातलं अक्षर बदललं, कुणाच्या क्षेत्रातले चार आर गळाले, कुणी वारस राहूनच गेला. अशा लेखनचुका दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. गावात ‘एकशे पंचावन्नचं प्रकरण’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. अर्ज देता येतो, त्याचा क्रमांक मिळतो, मोबाइलवर पोच येते. त्यानंतर माणूस थांबतो, आणि किती दिवस थांबायचं हे त्याला कुणी सांगत नाही.

पूर्वी अशी चूक एका दप्तरात पडून राहायची. सोसायटीचा सचिव माणसाला ओळखायचा, त्याच्या बापाला ओळखायचा, आणि नावातल्या काना-मात्रेवरून कर्ज अडायचं नाही. आता बँक, पीकविमा, अनुदान, हमीभावाची खरेदी, सगळे त्याच एका नोंदीतून माहिती उचलतात. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदही शेतकऱ्याने स्वतः गटात उभं राहून, मोबाइलने फोटो काढून ई-पीक पाहणीत करायची आहे. पाठोपाठ शेतकरी ओळख क्रमांक आला. धागे जोडले गेले ते चांगलंच झालं, पण त्यामुळे एका ठिकाणची चूक आता सगळीकडे पोहोचते. चूक पसरायला क्षण पुरतो आणि निस्तरायला माणूस मिळत नाही, हा आपल्या डिजिटल कारभाराचा खरा दोष आहे. कनेक्टिव्हिटी, रेंज, साक्षरता या अडचणी त्याच्यापुढे मला दुय्यम वाटतात.

मोबाइलमुळे गरिबाची कमाई वाढते का, याचं एक उदाहरण अर्थशास्त्रात फार सांगितलं जातं. १९९७ नंतरच्या काही वर्षांत उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल पोहोचला, तेव्हा रॉबर्ट जेन्सन यांनी तिथल्या मासळी बाजारांचा अभ्यास केला. कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले. फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ थांबली, त्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकालाही मासळी स्वस्त मिळाली. हा निष्कर्ष मला पटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे: होडीचं सुकाणू कोळ्याच्या हातात होतं. भाव कळला की तो नाव दुसऱ्या बंदराकडे वळवू शकत होता. करमाडच्या शेतकऱ्याला आज फोनवर कापसाचा भाव दिसतो, हवामान दिसतं, आपला अर्ज ‘प्रलंबित’ आहे हेही दिसतं. सुकाणू मात्र त्याच्या हाती नाही. माहितीचा पैसा होतो तो तिच्यावर काही करता आलं तर.

उत्तर न येण्याची किंमत किती असू शकते, हे करमाडने पाहिलं आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ सटाणा शिवारात रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले हे मजूर टाळेबंदीत गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने रात्रभर चालले होते. पाससाठी आठवड्यापूर्वी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं बचावलेल्यांपैकी एकाने वार्ताहरांना सांगितलं. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो साऱ्या देशाने पाहिला. मला त्या फोटोइतकाच तो अर्ज आठवतो. कुठल्या तरी रांगेत तो एक क्रमांक होऊन पडला असेल.

ऑरिकमध्ये अर्ज असा पडून राहिला तर कुणीतरी फोन उचलतं. कारण उद्योगाला उत्तर मिळालं नाही तर तो गुजरातला जाईल, तेलंगणात जाईल, ही भीती सरकारला असते आणि ती रास्त आहे. पाच एकरवाला कुठे जाणार? त्याचा गट नंबर उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. म्हणूनच त्याला उत्तर मिळण्याची हमी जास्त पक्की हवी. याच शेंद्रा, लाडगाव, करमाड पट्ट्यातल्या जमिनींवर उद्योगनगरी उभी राहिली आहे, हे ध्यानात घेतलं तर ही मागणी उपकाराची उरत नाही.

कायदा आपल्याकडे आहे. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम अधिसूचित सेवांना मुदत घालतो, तीन अपिलं देतो आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगतो. दाखला देण्याला जशी मुदत, तशीच चूक दुरुस्त करण्यालाही काटेकोरपणे लागली पाहिजे. किती अर्ज आले याचे आकडे आपण फलकांवर लावतो. त्याऐवजी तालुक्यात कलम १५५ ची किती प्रकरणं किती महिन्यांपासून पडून आहेत, हे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागू दे. आणि महिन्यातून दोनदा, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुरुस्तीचा अधिकार असलेला अधिकारी लॅपटॉप घेऊन करमाडला बसू दे. बाजाराला आसपासच्या खेड्यांतले लोक येतातच. मिरच्या-भाजीची पाटी विकून झाली की मावशी कागदांची पिशवी घेऊन त्याच्यासमोर बसेल, तो जुना फेरफार काढून बघेल, आणि नाव नीट झालं की नाही ते तिला तिथेच वाचून दाखवेल.