तेवीस मिनिटांचं गाणं, रात्रभराचं नाटक

दिवाळी आटोपते, धान निघतं आणि वडशातल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत तारखा लागायला लागतात. तिथून होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी, पुढे भंडारा-गोंदियातही, रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि नाटक सुटतं ते पहाटे. तीन अंक, त्यात गाणी, विनोदी प्रवेश, मधेच एखादी लावणी. थंडी मी म्हणत असते, लोक चादरी पांघरून बसलेले असतात, मांडीवर पोरं झोपलेली. नाटक लांबलं अशी तक्रार मी इथे कधी ऐकली नाही. लवकर सुटलं तर मात्र कुरकुर होते.

या मुलखातल्या माणसाला 23 मिनिटांचं गाणं लांब वाटावं, हे मला पटत नाही. तरी प्रोग्रेसिव्ह रॉकचं नाव काढलं की इथलेही जाणकार हाच आक्षेप घेतात: गाणी फार लांब, चाल मधेच बदलते, नाचता येत नाही. आक्षेप खोटा नाही. पण त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी झाडीपट्टीच्या नाटकालाही लागू पडतात, आणि तिथे त्याच तर हव्या असतात.

मी बोलतोय ते याच प्रकारातल्या जेनेसिस या इंग्लिश बँडबद्दल. माझ्या पिढीला हा बँड उलट्या बाजूने भेटला. नव्वदच्या दशकात घराघरांत केबल आली, तेव्हा फिल कॉलिन्सचा आवाज आणि 1986च्या ‘लँड ऑफ कन्फ्यूजन’मधल्या बाहुल्या पडद्यावर दिसायच्या. चटपटीत, चार-पाच मिनिटांत आटोपणारी गाणी. जेनेसिस म्हणजे एवढंच, असा समज करून घेऊन आयुष्य काढता येतं आणि बहुतेकांनी ते काढलं. पण एखादा जण मागे मागे जायला लागतो. 1976च्या ‘अ ट्रिक ऑफ द टेल’पाशी पोचल्यावर कळतं की कॉलिन्स मुळात या बँडचा ड्रमर, आणि मुख्य गायक म्हणून हा त्याचा पहिला अल्बम. आणखी मागे गेलं तर गाणारा माणूसच वेगळा निघतो. पीटर गॅब्रिएल. तो 1975मध्ये बँड सोडून गेला. 1967च्या सुमारास चार्टरहाऊस या शाळेतल्या पोरांनी काढलेला हा बँड, नाव तेच राहिलं आणि आत माणसं आणि संगीत दोन्ही बदलत गेलं. त्यामुळे बँड ‘सापडला’ असं कधी म्हणायचं, हा मला खरा प्रश्न वाटतो. एक गाणं आवडणं म्हणजे सापडणं नव्हे. आधीचं आणि नंतरचं समोर ठेवल्यावर तेच गाणं वेगळं ऐकू यायला लागतं, तेव्हा कुठे सुरुवात होते.

मागे जाताना 1972चा ‘फॉक्सट्रॉट’ लागतो आणि त्याच्या शेवटी ‘सपर्स रेडी’ आहे. जवळजवळ 23 मिनिटं, सात भाग. सुरुवात घरगुती: दिवाणखान्यात बसलेलं जोडपं, बारा तारांच्या गिटारी, हलका आवाज. मग युद्ध येतं, युद्धानंतरची सुन्न शांतता येते, आणि काही कळायच्या आत निव्वळ वेडगळ, वगासारखा विनोदी भाग सुरू होतो. त्याच्यामागून बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला प्रलय. तिथे बास आणि ड्रम नऊ मात्रांचं आवर्तन धरून बसतात आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन त्या नवाला न जुमानता स्वतःच्या मर्जीने चालतो. हाताने नऊ मोजत ऐकून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला ऑर्गन तुमची मोजणी मोडतो, मात्र खाली ड्रम तिथेच असतात, तसूभर हललेले नसतात. हा ताण वाढत वाढत जातो, आणि अगदी शेवटी पहिल्या दिवाणखान्यातली चाल परत येते, या वेळी पूर्ण ताकदीने. पहिल्या अंकात हळूच म्हटलेलं पद तिसऱ्या अंकात सगळ्या वाद्यांसह यावं, तसं.

याला आपल्याकडे लगेच ‘रागसंगीतासारखं’ म्हणायची सवय आहे. मला ते मान्य नाही. राग एकच गोष्ट घेऊन तिच्यात उतरत जातो, आणि गायक आज काय करेल ते त्यालाही पुरतं ठाऊक नसतं. जेनेसिसचं जवळजवळ सगळं आधी बांधलेलं, ठरवलेलं असतं. पाश्चात्य वाद्यांतून रागाच्या अंगाने जायचं तर जॉन मॅक्लॉफ्लिनने झाकिर हुसेन यांना सोबत घेऊन उभी केलेली ‘शक्ती’ ऐकावी. तो रस्ताच वेगळा. ‘सपर्स रेडी’ नाटकाच्या जातीचं आहे. प्रवेश, पात्रं, सोंगं, विनोद, शेवटी न्यायनिवाडा.

सोंगं तर अक्षरशः. सप्टेंबर 1972मध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात गॅब्रिएल बायकोचा लाल झगा घालून, कोल्ह्याचं मुंडकं चढवून रंगमंचावर आला. सोबतच्या वादकांनाही त्याने आधी सांगितलं नव्हतं. पुढे ‘सपर्स रेडी’च्या विनोदी भागात तो चेहऱ्याभोवती पाकळ्या लावून फूल होऊन यायला लागला. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना ते फारच नवलाचं वाटलं. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं पाहत वाढलेल्या माणसाला पुरुषाने लुगडं नेसून नाचण्यात नवल वाटायचं कारण नाही. पोशाखामागे गाणं आहे की नुसताच पोशाख, एवढंच तो पाहील.

वाद्यांचंही तेच. त्या काळच्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडांचं लाडकं वाद्य मेलोट्रॉन. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर ध्वनिमुद्रित केलेली व्हायोलिनं किंवा समूहस्वर, आणि पट्टी दाबली की सुमारे आठ सेकंद तो आवाज. झाडीपट्टीत आज ऑर्गनच्या जोडीला ऑक्टोपॅड असतो. टिपरी मारली की आधीच साठवलेला आवाज निघतो: घोड्याच्या टापा, वीज, नगारा. कल्पना एकच. अस्सल वाद्यं गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

साम्य इथवरच ताणावं. झाडीपट्टीतलं नाटक पुष्कळदा अपुऱ्या तालमीवर, प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभं राहतं आणि नटाच्या हजरजबाबीपणावर तरतं. जेनेसिसमध्ये एक सूर इकडचा तिकडे होत नाही. आणि नाटक गाव मिळून पाहतं, हे संगीत मात्र चंद्रपुरात ऐकायचं तर एकट्याने, हेडफोन लावून. शेजारच्याने कोपर मारून ‘आता बघ’ म्हणण्याची मजा त्यात नाही. ही उणीव मला मोठी वाटते. लांबीचे दुर्गुणही दोन्हीकडे आहेत. सत्तरच्या दशकात काही बँडांनी दोन-दोन रेकॉर्डांच्या चार बाजू भरायच्या म्हणून भरल्या आणि पंकवाल्यांनी त्यांची टर उडवली ती योग्यच होती. आपल्याकडेही कथानकाशी संबंध नसलेले नाच घुसडून पहाट गाठली जाते. रात्रभर बसणारा प्रेक्षक हा हक्काचा माणूस. त्याच्या सोशिकपणावर कंपन्यांनी फार विसंबू नये.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी, 26 मार्च 2022 रोजी, जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम लंडनला झाला. कॉलिन्स खुर्चीवर बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा होता आणि गॅब्रिएल प्रेक्षकांत.

मोबाईलवरचं ॲप तुम्हाला जेनेसिस ऐकवेल ते बहुधा 1986पासून पुढचं, आणि तेही इतर दहा जणांच्या गाण्यांत मिसळून. ते बंद करा. ‘फॉक्सट्रॉट’ पहिल्या गाण्यापासून क्रमाने लावा, मधे उठू नका. पहिल्या खेपेला कंटाळा आला तर आठवडाभराने परत लावा. आणि शक्य असेल तर ऐकायला कुणाला तरी सोबत घ्या.