दुसरी बाजू

2020च्या टाळेबंदीत बऱ्याच घरांतल्या जुन्या रेकॉर्ड माळ्यावरून खाली आल्या. आमच्याही आल्या. त्यांत किशोरी आमोणकरांची एक एलपी होती. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री.

सुई टेकली की भूप खरखरत सुरू होतो. साहजिकच आहे. पाहुणे आले की तीच बाजू लागायची. फिरता फिरता सुई चर झिजवत जाते. जिच्यावर माया अधिक, तिची खरखर अधिक. बागेश्री मात्र स्वच्छ. ती किती क्वचित लागली असेल, ते हिशेब न मांडता कळतं.

एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचं गाणं मावतं. मग उठावं लागतं, रेकॉर्ड उलटावी लागते. एरवी नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजायची, नाहीतर गॅसवरचं दूध वर यायचं. दुसरी बाजू राहून जायची. टाळेबंदीत बेल वाजेनाशी झाली. उलटायला वेळ मिळाला. मन मात्र दरवेळी तयार असे, असं नाही. रस्त्यावरून रुग्णवाहिका जात असताना गाणं लावावं का, हा प्रश्न होताच. तो सुटला नाही. आम्ही आवाज थोडा कमी केला, एवढंच.

बागेश्री रात्रीची. आम्ही ती सकाळी अकरालाही ऐकली. घड्याळाचं तेव्हा कोण ऐकत होतं?

भूप पाठ झालेला, त्यामुळे तो ऐकणं म्हणजे बरंचसं आठवणं. बागेश्री ऐकावीच लागली. एखाद्या सुरापाशी किशोरीताई थांबतात, त्याला निरखतात. पुढच्या सुराची घाई नाही. तरुणपणी त्यांचा आवाज काही काळ गेला होता. मोगूबाई कुर्डीकरांसारखी आई गुरू, गळा तयार, आणि गाणं बंद. ही रेकॉर्ड त्यानंतरची. ते थांबणं आधी सक्तीनं आलं असेल, मग हळूहळू त्यांचं स्वतःचं झालं असेल, असं मला वाटत राहतं. जाणकार हा तर्क खोडून काढतील. खुशाल काढोत. पुन्हा ऐकायला तेवढंच निमित्त.